खानदेशांतील आभीर : वल्ख ताम्रपटांचा पुनर्विचार

म. म. वा. वि. मिराशी यांचा कलचुरि-चेदि संवताच्या कोरीव लेखांचा ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. खानदेशांत इसवी सनाच्या चौथ्या शतकांत आभीरांचें साम्राज्य होतें व त्यांचे मांडलिक महाराज वल्ख येथून राज्य करीत होते, हें मत त्या ग्रंथामुळें दृढ झालें. आमच्या प्रांताच्या अभिमानास तें रुचलें यांत नवल नाहीं. मिराशींच्या व्यासंगाविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. तथापि ज्या पुराव्यावर हें मत उभें होतें तो आतां आभीरांच्या बाजूचा राहिला नाहीं, असें आम्हांस स्पष्ट म्हणावें लागतें.

पुरावा तीन ताम्रपटांचा. महाराज स्वामिदासाचा ६७ व्या वर्षाचा व भुलुंडाचा १०७ व्या वर्षाचा, हे दोन इंदुरास मिळाले. रुद्रदासाचा ११७ व्या वर्षाचा पट पश्चिम खानदेशांतील, म्हणजे हल्लींच्या धुळे जिल्ह्यांतील, शिरपूरचा. तिन्ही दानें वल्खाहून दिलेलीं. मिराशींनीं वल्ख म्हणजे चाळीसगांवजवळचें वाघळी असें ठरविलें व हीं वर्षें २४८-४९ पासूनच्या संवताचीं धरलीं; म्हणजे काल अनुक्रमें ३१६, ३५६ व ३६६ असा येतो. हे महाराज ज्या ‘परमभट्टारका’च्या पायांचें चिंतन करितात, तो मग आभीर सम्राटच असला पाहिजे, हें अनुमान ओघानेंच आलें. पटांत मात्र आभीर हा शब्दच नाहीं. रमेशचंद्र मजुमदार यांनीं तर हीं वर्षें पूर्वींच गुप्त संवताचीं मानलीं होतीं.

१९८२ सालीं मध्यप्रदेशांत धार जिल्ह्यांतील बाघजवळ रिसावला येथें याच वल्खाच्या महाराजांचे सत्तावीस ताम्रपट एकत्र सांपडले. के. व्ही. रमेश व एस. पी. तिवारी यांनीं ते १९९० मध्यें संपादून प्रसिद्ध केले. एवढा संचय एके ठिकाणीं निघाल्यावर वल्ख म्हणजे बाघ, हें मान्य करणें प्राप्त आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावर पाहिलें तर वल्खापासून ‘वाघळी’ जितकें दूर, तितकेंच ‘बाघ’. निर्णय कानानें झाला नाहीं, कुदळीनें झाला. संपादकांनीं स्वीकारलेला संवत् गुप्तांचा आहे. त्याप्रमाणें वरील तीन वर्षें ३८६, ४२६ व ४३६ हीं होतात, आणि परमभट्टारक गुप्त सम्राट ठरतो.

शिरपूरचा पट उरतो. तो खानदेशांत मिळाला हें खरें; पण पट धन्याबरोबर गांवोगांव फिरतात, आणि एका पटानें राजधानी हलत नाहीं. इंदूरच्या पटांचें मूळ सांपडण्याचें ठिकाण नोंदलें गेलें असतें तर वल्ख शोधण्यास साठ-सत्तर वर्षें लागलीं नसतीं. ज्यांच्या पेट्यांत आजही पट व बाडें आहेत त्यांनीं, वस्तु कोणाकडून व कोणत्या गांवीं मिळाली, ही एक ओळ लिहून ठेवावी. वाचन आम्ही मागाहून करूं.

मग आभीर कोण? येथें नांवाच्या सादृश्यावरून परदेशीं धांव घेण्याचा मोह अनेकांस पडतो. ‘पेरिप्लस’ व टॉलेमी यांतील आबिरिया हा सिंधु-सौराष्ट्राकडील प्रदेश आभीरांचा असावा, इतपत ठीक. तेथून इब्री शब्दांपर्यंत जाणें हा खेळ झाला. कनान देशांतील गिर्गाशी नांवाची जमात इब्री धर्मग्रंथांत केवळ इतर जमातींच्या यादींत येते. तिचा राजा नाहीं, लढाई नाहीं. तिच्याविषयीं नांवाखेरीज काय बोलणार? आभीरांविषयीं आपली स्थिति त्याहून पुष्कळ बरी आहे. काठेवाडांत गुंदा येथील शके १०३ (इ. स. १८१) च्या लेखांत क्षत्रप रुद्रसिंहाचा आभीर सेनापति रुद्रभूति विहीर खणवितो. नाशिकच्या लेण्यांत माठरीपुत्र आभीर ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षीं विष्णुदत्ता नांवाची शक उपासिका आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं श्रेणींकडे रक्कम ठेवते. शकांचा सेनापति, पुढें स्वतः राजा, आणि आईच्या गोत्राचें नांव लावण्याची चाल सातवाहनांची! या जमातीची ओळख एका मूळपुरुषांत नसून तिनें उचललेल्या चालींत व केलेल्या चाकरींत आहे, असें आम्हांस वाटतें.

अहिराणीचा दाखला मात्र जपून द्यावा. षष्ठीचा ‘ना’ व ‘आहे’साठीं ‘शे’ हीं रूपें तिला गुजरातीच्या जवळ नेतात; ग्रियर्सनच्या पाहणींतही (१९०७) खानदेशी ही भिल्ली बोलींच्या खंडांत आहे. ती बोलणारे सगळे अहीर नव्हेत. दंडीनें आभीरांच्या काव्यभाषेस अपभ्रंश म्हटलें, पण तेथपासून आजच्या अहिराणीपर्यंतचा दुवा जोडणारा ग्रंथ अजून हातीं नाहीं. फेरिश्त्यानें सांगितलेली आसा अहिराची व असीरगडाची कथा फारुकी काळाची आहे. ती ईश्वरसेनाच्या वंशास चिकटविण्यास मधलीं हजार वर्षें कोऱ्या पानांचीं आहेत. तीं भरण्याची आशा धरावयाची तर ती तापी-गिरणाकांठच्या घराण्यांच्या दप्तरांपेक्षां जुन्या पांढरींच्या मातींत अधिक आहे.