'धूमकेतू' : दोष कोणाचा?

डॉ. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले. त्यानंतर त्यांची 'धूमकेतू' ही कथा आम्ही पुन्हा वाचावयास घेतली. लेखकाचे बालपण बनारसेत गेलेले आणि कथेचा नायक बंगाली. परप्रांती वास्तव्य करणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांस ती जवळची वाटली तर नवल नाही.

हौशी ज्योतिर्विद दत्तदा यांना नवा धूमकेतू दिसतो. तो पृथ्वीवर आदळणार असे पुढे गणिताने ठरते. निवडक शास्त्रज्ञांची गुप्त परिषद इंग्लंडमध्ये भरते आणि अण्वस्त्र धाडून धूमकेतूला मार्गच्युत करण्याची योजना सिद्धीस जाते. दत्तदा घरी परततात, तो त्यांच्या पत्नी इंद्राणीदेवी सांगतात की शांतीसाठी यज्ञ केला होता, म्हणूनच अरिष्ट टळले. दत्तदांच्या खिन्नतेत कथा संपते.

कथेचा शास्त्रीय पाया भक्कम आहे. संकटाचे चूर्ण करण्याऐवजी त्याची वाट वळवावी, हे तत्त्व आता प्रयोगाने सिद्ध झाले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी 'नासा'चे 'डार्ट' यान, अणुबाँबच्या साहाय्यावाचून, डिमॉर्फस या लघुग्रहावर आदळले आणि त्याच्या ११ तास ५५ मिनिटांच्या प्रदक्षिणेतील सुमारे ३३ मिनिटे कमी झाली. टक्कर वर्षानुवर्षे आधी कळली, तर इतकासा धक्काही पुरतो.

आमचा मतभेद आहे तो कथेच्या निष्कर्षाशी. दत्तदा समाजाच्या अंधश्रद्धेवर व्यथित होतात. पण इंद्राणीदेवींना कोणी काही सांगितले होते काय? खरे कारण कुलुपात ठेवावयाचे आणि लोकांनी खोट्या कारणावर विश्वास ठेवला म्हणून हळहळावयाचे, हा न्याय नव्हे. बातमी फुटल्यास घबराट माजेल, ही भीती अगदीच निराधार नाही, हे आम्ही मानतो. तथापि अलीकडचा अनुभव निराळा आहे. '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २०३२ च्या डिसेंबरात पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांवर गेली. हे आकडे प्रत्यही सर्वांसमोर मांडले जात होते. पुढे निरीक्षणे वाढली, तशी ती शक्यता थोड्याच दिवसांत जवळजवळ शून्यावर आली, तेही सर्वांनी पाहिले. लोकांना शास्त्रज्ञांची चूक नव्हे, तर शास्त्राची रीत दिसली.

आपल्यापैकी कित्येकांच्या मेजावरून 'गोपनीय' असा शिक्का मारलेल्या फायली रोज जातात. धरणाचे दरवाजे उघडण्याची वार्ता खालच्या गावास किती आधी द्यावी, हा प्रश्न एखाद्या जिल्हाधिकाऱ्याच्या मेजावर येतो, तेव्हा तो याच जातीचा असतो. अशा वाचकांनी ही कथा अवश्य वाचावी. दत्तदांचे दुःख त्यांना पटेलच. परंतु इंद्राणीदेवींची बाजूही ऐकून घ्यावी, एवढीच आमची विनंती.