पुनरागमन की पुण्यस्मरण? : 'सुपरमॅन रिटर्न्स'चा प्रश्न

ब्रायन सिंगर दिग्दर्शित 'सुपरमॅन रिटर्न्स' (२००६) ह्या चित्रपटाची अडचण त्याच्या शीर्षकातच आहे. परत येण्यासाठी आधी जावे लागते. आणि सुपरमॅनसारखा नायक जातो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न त्या मिथकाच्या मुळाशी भिडणारा आहे. कथेपुरते पाहिले तर क्रिप्टॉन ग्रहाच्या अवशेषांचा शोध घेण्यासाठी नायक ५ वर्षे पृथ्वीबाहेर होता. प्रेक्षकाच्या हिशेबात मात्र १९८७च्या चौथ्या चित्रपटानंतर १९ वर्षे लोटलेली आहेत. सिंगर ह्यांनी १९८३चा व १९८७चा हे दोन्ही चित्रपट न घडल्यासारखे मानले आणि रिचर्ड डॉनर ह्यांचा १९७८चा चित्रपट व त्याचा १९८०चा उत्तरभाग एवढाच आपला भूतकाळ ठरवला. ह्या निवडीबद्दल जुन्या चाहत्याने कृतज्ञ असावयास हवे. ख्रिस्तोफर रीव्ह ह्यांच्या सुपरमॅनवर ज्यांचा जीव जडला त्यांपैकी प्रस्तुत लेखक एक आहे. तेव्हा ताटस्थ्याचा आव आणण्यात अर्थ नाही. तरीही हा चित्रपट पाहताना आनंदाला लागूनच एक अस्वस्थता येते, आणि तिचे मूळ प्रेक्षकाच्या लहरीत नसून संहितेतच आहे असे वाटते.

उम्बर्तो इको ह्यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनच्या मिथकावर लिहिलेला निबंध येथे उपयोगी पडतो. पुराणनायकाची कथा आधीच घडून गेलेली असते, कादंबरीच्या नायकाची ती आपल्यासमोर घडत जाते. सुपरमॅनला दोन्ही व्हावे लागते, असे त्यांचे म्हणणे. तो अढळही हवा आणि त्याच्या बाबतीत सतत काही नवे घडायलाही हवे. पण घडणे म्हणजे झिजणे. प्रत्येक कृतीनिशी माणूस मृत्यूकडे सरकतो. चित्रकथांनी ह्यावर काढलेला तोडगा म्हणजे काळच विरघळवून टाकणे : प्रत्येक कथा जणू पहिलीच, मागचे ओझे नसलेली. लोइस लेनशी विवाह वर्ज्य तो ह्यामुळेच. (चित्रकथांत तो अखेर १९९६ मध्ये झाला, आणि २०११ मध्ये प्रकाशकांनी इतिहासच नव्याने मांडून तो पुसूनही टाकला. इकोंच्या प्रमेयाला ह्याहून चांगला दाखला मिळणे कठीण.)

१९७८च्या चित्रपटात भूकंपात लोइस मरते आणि नायक पृथ्वीभोवती झेपावत काळ उलटा फिरवतो. १९८०च्या चित्रपटात तिला त्याची खरी ओळख कळते, तिच्यासाठी तो आपल्या शक्तीचा त्याग करतो. शेवटी एका चुंबनाने तिची स्मृती पुसली जाते. हे दोन्ही शेवट तर्कदुष्ट म्हणून पुष्कळदा हिणवले गेले आहेत. वस्तुतः ते मिथकाने केलेले स्वसंरक्षण आहे.

सिंगर ह्यांनी पुसण्याची ही सोय नाकारली, हे त्यांचे खरे धाडस. त्यांचा नायक परततो तेव्हा लोइस दुसऱ्या पुरुषाबरोबर राहत आहे, जगाला सुपरमॅनची गरज का नाही ह्या लेखासाठी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आहे, आणि तिला एक दमेकरी मुलगा आहे. तो मुलगा आईवर चालून आलेल्या माणसावर पियानो लोटतो तेव्हा त्याचा पिता कोण हे आपल्याला कळते. (स्मृती पुसली गेलेल्या लोइसने ह्या मुलाचा उलगडा स्वतःपाशी कसा केला असेल, ह्यावर चाहत्यांनी बराच खल केला आहे, तो येथे सोडून देऊ.) मूल ही मागे फिरवता न येणारी घटना आहे. तिच्या रूपाने ह्या चित्रपटमालिकेत काळ प्रथमच आत शिरतो.

आणि येथेच विसंगती उभी राहते. आशयाने जो काळ स्वीकारला, तो रूपबंधाने नाकारला आहे. श्रेयनामावलीची निळी अक्षरे १९७८सारखीच अवकाशातून झेपावत येतात. जॉन विल्यम्स ह्यांची जुनी धून वाजते. २००४ मध्ये निधन पावलेले मार्लन ब्रँडो पूर्वीच्या चित्रीकरणातून पुन्हा अवतरतात. विमान वाचवल्यावर नायक प्रवाशांना विमानप्रवासाच्या सुरक्षिततेविषयी जे सांगतो, तेच त्याने १९७८ मध्ये लोइसला सांगितले होते. ब्रँडन राउथ ह्यांचा चेहरा तर रीव्ह ह्यांची आठवण देण्यासाठीच योजलेला वाटतो. १९७८ मध्ये चित्रपट झळकला तेव्हा रीव्ह २६ वर्षांचे होते. २००६ मध्ये राउथही २६ वर्षांचेच. कथेतला नायक बाप झाला, पडद्यावरचा नायक एका दिवसानेही मोठा झाला नाही.

चाहत्याला मिळणारा आनंद हा त्यामुळे ओळख पटण्याचा आनंद ठरतो. अशा आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. कीर्तनाला जाणाऱ्या श्रोत्याला आख्यान ठाऊकच असते. परंतु ओळख पटणे आणि प्रत्यय येणे ह्यांत अंतर आहे. १९७८च्या चित्रपटातील एक प्रसंग पाहावा. लोइसच्या घरी क्लार्क केंट एकटा उभा आहे. तिला सत्य सांगावे असे त्याच्या मनात येते. तो चष्मा काढतो, खांदे सरळ होतात, उंची वाढल्यासारखी वाटते, स्वर खाली उतरतो; मग धीर खचतो आणि तोच देह पुन्हा आक्रसतो. कोणतीही यांत्रिक करामत नाही. एका नटाच्या पाठीच्या कण्यात दोन माणसे राहतात हे आपण पाहतो. डॉनर ह्यांच्या चित्रपटातील उड्डाणांवर आपला विश्वास बसला तो अशा क्षणांमुळे. २००६च्या चित्रपटात क्लार्क आणि सुपरमॅन ह्यांच्या साम्यावर लोइस व तिचा सोबती हसून घेतात, एवढेच. विनोद बरा आहे, पण तो दुरून केलेला आहे. राउथ ह्यांना रीव्ह ह्यांचा पोशाख मिळाला, चेहऱ्याची ठेवण होती; स्वतःचा कणा वापरण्याची मुभा क्वचितच मिळाली.

२००४ मध्ये रीव्ह गेले, मार्च २००६ मध्ये त्यांच्या पत्नी डेना गेल्या. चित्रपट ह्या दोघांना अर्पण केलेला आहे. ह्या अर्पणपत्रिकेची छाया संपूर्ण चित्रपटावर पडली आहे. वीर व अद्भुत ह्यांच्या जागी करुण येऊन बसतो. क्रिप्टोनाइटने भरलेला भूखंड अवकाशात फेकून नायक निश्चेष्ट कोसळतो, रुग्णालयात त्याच्या देहात सुई शिरत नाही, बाहेर जमाव थांबून राहतो. घोड्यावरून पडून १९९५ मध्ये पक्षाघात झालेला नट ज्यांना आठवतो, त्यांना हे दृश्य निव्वळ कथाभाग म्हणून पाहता येत नाही. शोक करताना हा चित्रपट अत्यंत प्रामाणिक आहे. मात्र श्राद्धाला बोलावून पाहुण्यांना बारशाचे पेढे द्यावेत, तसे तो आपल्याला वागवतो. आणि ही मागणी आपलीच होती, हेही म्हटले पाहिजे. जुन्याला हात लावू नका, असा धोशा चाहत्यांनीच धरला होता.

पुढे झॅक स्नायडर ह्यांनी २०१३ मध्ये हा सारा वारसा बाजूला सारला. जेम्स गन ह्यांच्या २०२५च्या चित्रपटात विल्यम्स ह्यांची धून आहे, रीव्ह ह्यांचे पुत्र विल वार्ताहर म्हणून क्षणभर दिसतात. पण डेव्हिड कोरेन्स्वेट ह्यांना कोणाचीही सावली होण्याची सक्ती नाही. पूर्वसूरींचे ऋण एवढ्यानेही फिटू शकते.

तरीही २००६च्या चित्रपटातील एका प्रसंगाकडे मन वारंवार वळते. झोपलेल्या मुलाजवळ उभा राहून नायक आपल्या वडिलांचे शब्द उच्चारतो. पुनरुक्तीच आहे ही; परंतु येथे तिला कारण आहे, कारण शब्द आता एका पिढीतून दुसरीकडे जात आहेत. राउथ ह्यांच्या आवाजात त्या वेळी ब्रँडोही नाहीत, रीव्हही नाहीत. त्या मुलाचे पुढे काय झाले हे सांगणारा, योजलेला उत्तरभाग मात्र कधी निघालाच नाही.