नकार कुणाचा आणि पाटी कुणाची?

अमेरिकेतल्या देहविक्रयाच्या जाहिरातींत एक अट वर्षानुवर्षे दिसत आली आहे: कृष्णवर्णीय पुरुषांनी संपर्क साधू नये. तिच्यावरून होणारा वाद ठरावीक वाटेने जातो. एक पक्ष म्हणतो, हा उघड वंशभेद आहे. किराणा दुकानदाराने अशी पाटी लावली असती तर त्याला कोर्टात खेचले असते. दुसरा म्हणतो, शरीर तिचे आहे. कुणाला जवळ येऊ द्यायचे ते ती ठरवील आणि आवडीनिवडीचे कारण कुणाला देणार नाही. दोन्ही बाजूंचे लेखन वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. गिऱ्हाईक निवडणारी व्यक्ती म्हणजे ती बाईच, असे दोघेही धरून चालतात. या धंद्याचा इतिहास चाळला तर हे गृहीतक फार वेळ टिकत नाही.

न्यू ऑर्लिन्सचे स्टोरीव्हिल घ्या. १८९७ मध्ये शहराने ठराव करून वेश्याव्यवसाय काही ठरावीक रस्त्यांपुरता बांधून टाकला. एमिली एप्स्टाइन लँडाऊ यांचे ‘स्पेक्टॅक्युलर विकेडनेस’ (२०१३) हे पुस्तक या वस्तीवरचे मला सर्वांत उपयोगी वाटलेले लेखन. वस्तीतली सर्वांत गाजलेली घरे ‘ऑक्टरून’ बायकांची होती. म्हणजे ज्यांच्यात आठवा हिस्सा आफ्रिकी रक्त आहे असे सांगितले जाई त्यांची. लूलू व्हाइटच्या ‘महोगनी हॉल’ची जाहिरात याच गुणावर चाले. अशा घरांत कृष्णवर्णीय पुरुषाला गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता. जेली रोल मॉर्टनसारखा क्रिओल वादक तिथे पियानो वाजवू शके. त्याची बोटे चालत, त्याचे पैसे चालत नसत.

आता यात पसंती कुणाची? बाईचा रंग हा विकाऊ माल आणि पुरुषाचा रंग ही प्रवेशाची अट. दोन्ही गोष्टी बाईच्या खोलीबाहेर ठरलेल्या. १८९६ च्या प्लेसी निकालाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व अमेरिकाभर मान्य झाले होते आणि तो खटलाही मुळात न्यू ऑर्लिन्सचाच. रेल्वेच्या डब्यात जे चालले तेच पलंगापाशी चालले. १९१७ मध्ये शहराने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय बायकांनी वस्ती सोडून वेगळ्या भागात जावे असे फर्मावले. विली पियाझा ही घरमालकीण त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली. तिचे भांडण स्वतःच्या घरात राहण्यासाठी होते. दाराबाहेरच्या कृष्णवर्णीय पुरुषाचा विषय त्यात नव्हता. त्याच वर्षाअखेर लष्करी दबावामुळे सगळी वस्तीच बंद पडली. लँडाऊंचा भर गोऱ्या गिऱ्हाइकाच्या कल्पनाविश्वावर आहे आणि ते त्या फार चांगले उलगडतात. मात्र त्यामुळे एक प्रश्न मागे पडतो: आत बसलेल्या बाईला एखाद्या गोऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत होते का?

आपल्याकडे तर हे काम थेट सरकारने केले. १८६४ च्या छावणी कायद्यानंतरच्या नियमांत बायकांचे दोन वर्ग पाडले गेले: युरोपीय ज्यांच्याकडे जातात त्या पहिल्या वर्गातल्या, बाकीच्या दुसऱ्या. नोंदणी आणि शरीरतपासणीचा जाच मुख्यतः पहिल्या वर्गाला. फिलिपा लेव्हाइन आणि केनेथ बॅलहॅचेट या दोघांनी ही कागदपत्रे बारकाईने तपासली आहेत. शिपायांसाठी राखलेल्या बाईने देशी गिऱ्हाईक घेऊ नये अशी अपेक्षा असे. रोग देशी पुरुषाकडून येतो हा त्यामागचा समज. १८८६ च्या लष्करी परिपत्रकात तर बायका पुरेशा संख्येने असाव्यात आणि पुरेशा आकर्षक असाव्यात, अशी सूचनाच आहे. ते बाहेर फुटल्यावर इंग्लंडात गदारोळ झाला आणि १८८८ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने या पद्धतीविरुद्ध ठराव केला.

मुंबईत चित्र उलटे होते आणि म्हणून अधिक बोलके. कामाठीपुऱ्याच्या ‘सफेद गल्ली’त युरोपीय बायका होत्या आणि त्यांच्याकडे देशी पुरुषही जात. अश्विनी तांबे यांच्या ‘कोड्स ऑफ मिसकंडक्ट’मध्ये (२००९) यावरची सरकारी अस्वस्थता नीट नोंदली आहे. पूर्व युरोपातून आलेल्या बायका सरकारने चालवून घेतल्या. ब्रिटिश बाई आढळली की तिला परत धाडण्याची घाई. गोऱ्या बाईचे देशी गिऱ्हाईक हा साम्राज्याच्या अब्रूचा प्रश्न होता. तिची स्वतःची पसंती काय, हे विचारावे असे कुणाला वाटलेले दिसत नाही.

ही पार्श्वभूमी समोर ठेवून आजचे सैद्धान्तिक लेखन वाचले की त्यातली ताकद आणि उणीव दोन्ही कळतात. अमिया श्रीनिवासन यांनी २०१८ च्या ‘डझ एनीवन हॅव द राइट टू सेक्स?’ या निबंधात दोन गोष्टी एकत्र धरल्या: कुणाचाही कुणाच्या शरीरावर हक्क नाही, तरीही आपल्याला कोण हवेसे वाटते आणि कोण नकोसे, हे राजकारणाने घडवलेले असते. हे मला पटते. पण हा विचार मुख्यतः इच्छेबद्दलचा आहे. पैसे घेऊन काम करणाऱ्या बाईचा निर्णय इच्छेचा नसतोच. तो जोखीम, भाडे आणि थकवा यांचा हिशोब असतो. तिच्या नकाराला ‘आवड’ म्हणणे ही तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनी केलेली गफलत आहे. एलिझाबेथ एमेन्स यांचा २००९ चा कायदेविषयक लेख इथे अधिक कामाचा वाटतो. माणसांच्या जवळिकीच्या निवडींवर थेट बंधन घालण्याऐवजी या निवडी घडवण्यात राज्याचा हात किती आहे ते पाहा, असा त्यांचा रोख.

तो हात आजही दिसतो. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक नाकारणाऱ्या बायका बहुधा सुरक्षिततेचे कारण देतात. भीती खरी असते, पण कातडीचा रंग हे धोका मोजण्याचे अगदी भिकार माप आहे. या धंद्यात याहून चांगली मापे आहेत: ओळख पटवणे, आगाऊ रक्कम घेणे, आधी भेटलेल्या बाईकडे चौकशी करणे. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने ‘बॅकपेज’ हे जाहिरातींचे संकेतस्थळ ताब्यात घेतले आणि पाठोपाठ ‘फोस्टा’ कायदा आणला. त्यानंतर अशी चौकशी करण्याच्या जागा आक्रसल्या. चांगले माप काढून घेतले की माणूस हाताशी असलेले वाईट माप वापरतो, असा माझा निष्कर्ष. याने नाकारलेल्या पुरुषाचा अपमान कमी होत नाही. मात्र त्याचा हिशोब एकट्या बाईकडे मागणे अन्यायाचे ठरते.

न्यूझीलंडचा २००३ चा कायदा या गुंत्यात मला सर्वांत सरळ वाटतो. त्याच्या सतराव्या कलमानुसार करार झाला असला तरी बाई कोणत्याही क्षणी नकार देऊ शकते. कारण सांगावे लागत नाही. गिऱ्हाइकाला पैशाचा दावा करता येईल, शरीराचा नाही. त्याच देशात १९९३ चा मानवी हक्क कायदा सेवा देताना वंशभेद करण्यास मनाई करतो आणि हा कायदा कुंटणखान्यालाही लागतो: २०१४ मध्ये एका बाईला मालकाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल पंचवीस हजार डॉलरची भरपाई याच कायद्याखाली मिळाली. दोन्ही कायदे शेजारी ठेवले तर मला उत्तर असे दिसते. खोलीतल्या बाईचा नकार प्रश्नाच्या पलीकडचा. दारावरची पाटी, घरवालीचा नियम, संकेतस्थळावरची वंशाची चाळणी यांना मात्र जाब विचारता आला पाहिजे. ‘ग्राइंडर’ने २०२० मध्ये वंशानुसार माणसे गाळण्याची सोय काढली, त्याने कुणावर कुणाला भेटण्याची सक्ती आली नाही.

मराठी वाचकाला ही पाटी परकी वाटू नये. ‘एससी, एसटी क्षमस्व’ ही वधूवर जाहिरातीतली ओळ आपण मुकाट्याने वाचत आलो आहोत. मुलीने एखाद्या मुलाला नाही म्हणणे वेगळे आणि घराने छापून आणलेले ते ‘क्षमस्व’ वेगळे.

याच न्यूझीलंड कायद्यात एकोणिसावे कलमही आहे. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला हा व्यवसाय करता येत नाही. केला तर व्हिसा धोक्यात येतो. आशियाई देशांतून आलेल्या अनेक बायका तिथे याच अवस्थेत काम करतात. सतराव्या कलमाचा नकार कागदावर त्यांनाही आहे. पण मालक म्हणाला, ‘या माणसाला घे, नाहीतर कळवतो’, तर त्या तक्रार कुठे नेणार?