कोन्याचा निळा घुमट

तुर्कस्तानातील कोन्या ही एके काळची सेल्जुक सुलतानांची राजधानी. तेथे जलालुद्दीन करताय या अमीराने १२५१ साली बांधलेल्या मदरशाची छायाचित्रे सध्या माझ्या टेबलावर आहेत. मी पडलो मास्तर. इमारतीआधी तीत पोरे कशी बसत असतील तेच पाहतो.

करताय मूळचा गुलाम. १२४३ साली कोसेदागच्या लढाईत मंगोलांनी सेल्जुकांना लोळवले, राज्य मांडलिक झाले. आणि आठ वर्षांनी हा गृहस्थ शाळा बांधतो! ही उधळपट्टीच नव्हे काय? दरवाजा पाहून मलाही तसे वाटले. पांढऱ्या-करड्या संगमरवराची ती गुंतागुंत जरा मिरवणारीच आहे.

आत मात्र बोलती बंद होते. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा, तर कोपऱ्यांचे काय करायचे? कारागिरांनी प्रत्येक कोपऱ्यात पाच-पाच त्रिकोण पंख्यासारखे उलगडले आणि त्यांवर पैगंबरांची व खलिफांची नावे लिहिली. त्यांत मूसा आणि ईसाही आहेत. वर निळ्या-काळ्या तुकड्यांनी जुळवलेले तारे, माथ्याला आभाळासाठी ठेवलेले तोंड, बरोबर खाली हौद. रात्री खरी नक्षत्रेही पाण्यात उतरत असतील! माझ्या वर्गात कोणी वर पाहत बसला, तर मी खडू फेकून मारतो. येथे माझा हात उचलला नसता.

१९५५ पासून तेथे रंगीत फरशांचे संग्रहालय आहे. करतायची कबर कडेच्या खोलीत आहे. विद्यार्थ्यांच्या खोल्या बहुतेक पडून गेल्या.