श्वास एकाचा, सही दुसऱ्याची

अमेरिकन काचकलावंत डेल चिहुली यांच्या ‘सीफॉर्म्स’ या मालिकेविषयी बोलताना समुद्र आधी येतो: जेलीफिश, शिंपले, लाटांच्या कडा. मला मात्र भट्टीपासून सुरुवात करावीशी वाटते.

फुंकनळीच्या टोकावरचा तप्त गोळा कंगोरे असलेल्या साच्यात फुंकला की काचेवर उभे कंगोरे उठतात. साच्यातून काढून गोळा आणखी फुगवतात, फिरवतात. उष्णता आणि गुरुत्वाकर्षण त्याची कड हवी तशी दुमडतात. कंगोऱ्यांमुळे अगदी पातळ काचही तग धरते. शिंपलाही याच युक्तीने पातळ राहून मजबूत होतो. म्हणजे हे साम्य नकलेतून आलेलं नाही. अडचण एकच होती, उत्तरही एकच निघालं.

एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनी समुद्री जीव काचेत घडवले, ते अभ्यासासाठी. मद्यार्कात ठेवलेल्या खऱ्या जीवांचा रंग उडत असे, म्हणून तिथे शब्दशः भाषांतरच हवं होतं. ‘सीफॉर्म्स’मध्ये एकही प्राणी नावानिशी ओळखता येत नाही, तरी समुद्र ओळखू येतो. अनुवादक म्हणून मला हेवा वाटतो तो याचा.

पण एक गोष्ट खटकते. १९७६च्या मोटार अपघातात चिहुलींच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली; १९७९मध्ये खांदा दुखावल्यावर त्यांनी मुख्य फुंकणाऱ्याची जागा सोडली. ही मालिका १९८०ची. त्यांनी रेखाटायचं, सांगायचं. नळीत श्वास दुसऱ्यांचा. संग्राहक मात्र विकत घेतो ते ‘चिहुली’.

माझ्या एका अनुवादाच्या मुखपृष्ठावर माझं नाव नव्हतं, म्हणून मी या वादात तटस्थ नाही. तरीही चिहुलींवर लबाडीचा आरोप करता येणार नाही. आपल्या चमूविषयी ते उघडपणे बोलत आले आहेत, आणि गटाने काम करण्याची रीत त्यांनी १९६८मध्ये मुरानोच्या वेनिनी कारखान्यात पाहिली होती. दृष्टी त्यांचीच, हे मला मान्य आहे. पण कड कुठे थांबवायची, हा क्षणाचा निर्णय रेखाटनात मावत नाही. तो फिरवणाऱ्या हाताने घ्यायचा असतो, आणि या काचेचं सौंदर्य नेमकं त्या कडेत आहे.

संग्रहालयातल्या पाटीवर आणखी एका ओळीला जागा असते. मुखपृष्ठावरही असते.