स्वखर्चाची कथा आणि पहिला वाचक

आपल्या मराठवाड्यात अलीकडे एक स्वागतार्ह गोष्ट घडते आहे. कथा लिहिणारा तरुण पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या पत्राची वाट पाहत बसत नाही. पदरचे पैसे घालून तो स्वतःच संग्रह छापतो, किंवा मोबाईलवरून आपली कथा थेट वाचकांपुढे ठेवतो. बीड आणि धाराशिव यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरच्या आमच्या चौसाळ्यातही अशी पुस्तके हाती येतात. त्यांत उसाच्या फडावर बालपण गेलेल्यांची पुस्तके असतात, आणि आपल्या धर्मग्रामांतील मुलामुलींचीही असतात.

या पुस्तकांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झाल्या आहेत. ‘प्रकाशकाने नाकारले म्हणूनच याने स्वतः छापले’ असे म्हणून पुस्तक न उघडताच बाजूला ठेवणे, ही पहिली रीत. ‘आपल्या माणसाचे आहे’ म्हणून प्रकाशन समारंभात शाल-श्रीफळ देऊन मुक्तकंठाने स्तुती करणे, ही दुसरी. दोन्ही रीती वरवर परस्परविरोधी दिसतात. परंतु पुस्तक वाचण्याचे कष्ट दोन्हीत सारखेच वाचतात. लेखकाला मात्र दोन्हींतून काहीच मिळत नाही.

वस्तुतः स्वयंप्रकाशनात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आधुनिक मराठी लघुकथेचा पाळणाच मुळी स्वयंप्रकाशनात हलला आहे. हरि नारायण आपटे यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. लेखक तेच, संपादक तेच. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी याच पत्रातून क्रमशः वाचकांच्या हाती गेली. त्याच पानांतून त्यांनी एका अंकात किंवा थोडक्या अंकांत संपणाऱ्या गोष्टी लिहिल्या. त्या पुढे ‘स्फुट गोष्टी’ या नावाने संग्रहित झाल्या, आणि मराठी लघुकथेचा इतिहास सांगणाऱ्यास त्यांच्यापाशी थांबावेच लागते.

या स्वातंत्र्याने हरिभाऊंना काय दिले? त्यांच्या आधीच्या पिढीतील ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मंजुघोषा’ (1868) या कादंबऱ्या अद्भुताच्या जगात रमलेल्या होत्या. पत्र स्वतःचे असल्यामुळे हरिभाऊंना घरातील विधवेचे दुःख आणि गरिबाची भूक हे विषय कोणाची परवानगी न घेता मांडता आले. ‘काळ तर मोठा कठीण आला!’ या दीर्घ कथेचा निर्देश समीक्षक वारंवार करतात. दुष्काळात होरपळलेल्या गरीब कुटुंबाची ती कथा आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आपल्या घरांतून अजून आहेत. त्यांना या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पोटासाठी माणसाचे माणूसपण कसे पणाला लागते, हे शहरात राहणाऱ्या एका लेखकाने शंभर वर्षांपूर्वी पाहिले. ते प्रथम आपल्या पत्रातून वाचकांपुढे ठेवण्याची मुभा त्याला होती, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

परंतु या स्वातंत्र्याची किंमतही हरिभाऊंनी मोजली आहे, आणि ती लपवणे समीक्षेला शोभणारे नाही. पाल्हाळ हा त्यांच्या लेखनाचा ठळक दोष. पात्र बोलत असताना मध्येच लेखक पुढे येतो आणि वाचकाला उपदेश करतो. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. अंक वेळेवर निघायचा, मजकूर हवा आणि ‘हे एवढे पान काढून टाका’ असे म्हणणारा वरिष्ठ संपादक नाही, अशा स्थितीत हे घडणे स्वाभाविक होते. तरीही त्यांना एक अंकुश होता. ‘करमणूक’ पाव शतकाहून अधिक काळ चालले. आठवड्यामागून आठवडा वर्गणीदार वाचक त्यांच्या समोर होता, आणि तो दुरावला असता तर पत्र बंद पडले असते. संपादकाची उणीव वाचकाने अंशतः भरून काढली.

विसाव्या शतकाच्या मध्याला याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक कथा बारकाईने वाचत, लेखकाला सविस्तर पत्रे लिहीत आणि पुनर्लेखनास प्रवृत्त करीत. नवकथेला जो घाट आला, त्यात या संपादकीय श्रमांचा वाटा मोठा आहे. परंतु जेथे दार असते तेथे बाहेर राहणारेही असतात. आपला अनुभव आणि आपली बोली या दाराशी अडते, असे अनेक तरुणांना वाटू लागले. 1955 च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे मित्र यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल यंत्रावर काढले. त्यानंतर अशा अनियतकालिकांची रांगच लागली, आणि 1969 मध्ये तर ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी करण्यात आली. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडले. या बंडाने मराठी साहित्यात नवे आवाज आणले, हे निर्विवाद आहे. तथापि एक गोष्ट विसरू नये. ती अनियतकालिके काढणारे तरुण एकटे नव्हते. ते एकमेकांचे लेखन निर्दयपणे वाचीत आणि त्यावर तासन्‌तास भांडत. त्यांनी संपादकाची खुर्ची नाकारली, परंतु वाचणारा मित्र नाकारला नाही.

आजच्या स्वयंप्रकाशित कथेला नेमका हाच मित्र भेटत नाही, असे माझे मत आहे. साधने विपुल झाली आहेत. 2014 साली बंगळूरुत स्थापन झालेल्या ‘प्रतिलिपी’वर मराठीत कोणीही कथा प्रसिद्ध करू शकतो. ‘किंडल’वर मराठी पुस्तकांची सोय 2016 च्या अखेरीस झाली. मागणीनुसार एक-एक प्रत छापून देणारी यंत्रेही आली. लिहिणे आणि लोकांसमोर येणे यांत पूर्वी काही महिन्यांचे अंतर असे. आता ते काही मिनिटांचे आहे. ते अंतर जाचक होते खरे, पण त्याच काळात कोणीतरी कथा वाचून ‘शेवट पटत नाही’ असे म्हणत असे.

आमच्या भागातील अशा कथांत सामर्थ्य नाही असे नाही. ज्याने कोपीत रात्री काढल्या आहेत, ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे तर नवरा-बायकोची जोडी, हे ज्याला ठाऊक आहे, उचल घेतल्यापासून ती फिटेपर्यंतचा हिशोब ज्याच्या घरात झाला आहे, त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली दोन पाने वाचताना हे जाणवतेही. मग कथेत मुकादम येतो, आणि तो केवळ दुष्ट असतो. आई येते, ती केवळ सोशिक असते. जी माणसे बोलीत बोलत होती, ती भावनेच्या प्रसंगी एकाएकी पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलू लागतात. अखेरच्या परिच्छेदात बोध येतो. बोध सांगण्याचे काम मी दर रविवारी करतो. त्यामुळे कथेत शिरलेले प्रवचन मला चटकन ओळखू येते!

याउलट कळंब परिसरातील भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाहावी. शालेय पाठ्यपुस्तकामुळे ती घरोघरी पोहोचली आहे. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही, आणि बाप स्वतःच पिकवलेला माल पायांखाली तुडवतो. शेतमालाच्या भावावरील भाषणाची तेथे गरज राहत नाही, कारण ते सारे त्या तुडवण्यात आलेले आहे. आमच्या नव्या लेखकांचा अनुभव याहून उणा नाही. उणा आहे तो अखेरचा परिच्छेद खोडणारा हात.

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही, घरातल्या पैशाचाही आहे. ‘तुमचे पुस्तक आम्ही काढू’ असे सांगून लेखकाकडूनच मोठी रक्कम घेणारे पुष्कळ आहेत. मुलाच्या हौसेखातर आईबाप ती भरतात, आणि पाचशे प्रती पलंगाखाली पडून राहतात. म्हणून काही गोष्टी आपल्या कुटुंबांनी जाणून घ्याव्यात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लिहिल्याक्षणी लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्यास देताना करारात मुदत लिहिली नसेल, तर तो पाच वर्षांपुरताच दिला असे मानले जाते. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास सावध व्हावे. 1954 च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी तीन ग्रंथालयांकडे पाठवणे हे प्रकाशकाचे कर्तव्य आहे. स्वतः पुस्तक काढणारा लेखक हाच येथे प्रकाशक ठरतो. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तेथे नकार आला तरी खिशाला खार लागत नाही.

धर्मग्राम म्हणून आपणही काही करू शकतो. आपल्या परंपरेत पुस्तक छापण्याआधी कोणीतरी जबाबदारीने वाचण्याची रीत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली तशा तपासणीनंतरच छापले गेले. पुढे त्याच्या मूळ छापील प्रती नाहीशा झाल्या. ग्रंथ तगला तो श्रद्धावंतांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांतून. आज कोणाच्या कथेला परवानगीची गरज नाही, नसावीही. परंतु लेखनाआधी वाचणारा आणि लेखनानंतर जपणारा, अशी दोन्ही माणसे पुस्तकाला लागतात, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

म्हणून नव्या कथाकारांना माझी सूचना साधी आहे. पाचशे प्रतींचा विचार करण्याआधी कथेच्या पाच प्रती काढाव्यात. एक शिक्षकाला द्यावी, एक अशा मित्राला जो तुमची भीड ठेवणार नाही, आणि एक अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी ज्याच्या आयुष्यावर ती बेतली आहे. ऊसतोड कामगाराची कथा ऐकताना ऊसतोड कामगार कुठे हसतो, कुठे अस्वस्थ होतो आणि कुठे उठून तंबाखू मळायला जातो, हे नीट पाहावे. मग महिनाभर कथा मिटून ठेवावी, पुन्हा लिहावी आणि त्यानंतर खुशाल स्वतः छापावी.

आणि वाचकहो, आपल्याकडे असे पुस्तक आले, तर सत्काराची घाई करू नये. आधी ते विकत घ्यावे, शेवटपर्यंत वाचावे आणि पटले नाही ते लेखकाला स्वच्छ शब्दांत पण मायेने सांगावे. पोटाला चिमटा काढून पुस्तक काढणाऱ्याचा एवढा हक्क आपल्यावर निश्चितच आहे.