भिल्ल पलटणीचे भरतीपट व वंशावळीचें प्रामाण्य

कुलवृत्तांताच्या साधनांत सनदा, वतनपत्रें व क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यांस जो मान आहे, तो लष्करी भरतीपटांस आपल्याकडे अद्याप मिळालेला नाहीं. उलट, ज्यांच्या हातीं असा पट पडतो ते त्यांतील प्रत्येक रकाना सारख्याच विश्वासानें उतरून घेतात. दोन्ही वृत्ति सदोष आहेत.

खानदेशांत या प्रश्नाचें महत्त्व विशेष आहे. १८१८ सालीं हा प्रांत इंग्रजांकडे गेला व १८२५ सालीं औट्रमनें भिल्ल पलटण उभी केली. तिचें ठाणें धरणगांवीं होतें. ज्या भिल्ल कुळांजवळ सनद नाहीं, वतनाचा कागद नाहीं, त्यांच्या पूर्वजाचें नांव बापाच्या नांवासह कागदावर येण्याचा प्रसंग बहुधा या चाकरीचाच.

लष्करी पटांत सामान्यतः नांव, बापाचें नांव, जात, गांव, वय, उंची व अंगावरील खुणा असे रकाने असतात. पैकीं उंची व खुणा लिहिणाऱ्यानें स्वतः पाहिलेल्या, हें प्रत्यक्ष. वय बहुधा अजमासानें घातलेलें. हें अनुमान, तेंही दुर्बल. त्यावरून जन्मवर्ष ठरविणें धाडसाचें होय. बापाचें नांव व गांव शिपायाच्या तोंडचें; हें शब्दप्रमाण. त्याचें बळ सांगणाऱ्यावर जितकें, तितकेंच ऐकणाऱ्याच्या कानावर. इंग्रजी लेखनांत ट-त, ड-द, ण-न हा भेद लोपतो, हें विसरूं नये.

आडनांवावर भिस्त ठेवणें तर अधिकच घातक. मोरे, पवार, सोनवणे हीं आडनांवें भिल्लांत आहेत तशीं मराठ्यांतही आहेत. गांव शोधतांना १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि पश्चिमेकडील धुळ्यांतून १९९८ सालीं नंदुरबार वेगळा निघाला, हें ध्यानांत ठेवावें.

संग्राहकांस एक विनंती. पटाचें सुटें पान घेऊन ठेवूं नये. एका गांवचे शेजारी एकाच पटांत सांपडण्याचा संभव असतो, व तोच पुरावा पान सुटतांच नष्ट होतो.

१८५७-५८ च्या धामधुमींत खाज्या नाईकाचे भिल्ल सरकारविरुद्ध उठले. भिल्ल पलटण सरकारच्या चाकरींत राहिली. त्या सालच्या पटांत पूर्वज आढळला तर तें पान झांकूं नये. आढळला नाहीं म्हणून तो बंडांत होता असेंही म्हणूं नये. नांव, बापाचें नांव व गांव या तिहींस दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा आधार मिळाल्यावांचून वंशवृक्षास फांदी जोडूं नये. ज्या कुळाजवळ एकच कागद आहे, त्याच्या बाबतींत चूक झाल्यास ती सुधारण्यास दुसरा कागद मिळत नाहीं.